दोनशे रुपयांचं पारितोषिक

पदवीदान समारंभाच्या पुस्तिकेत शेवटी शेवटी नावांची एक लांबलचक यादी असते. अमुक रावबहादूर स्मृती पारितोषिक, तमुक शेठजी शिष्यवृत्ती, कुणाच्या तरी कैलासवासी मातोश्रींच्या नावाचं पदक. समोर रक्कम छापलेली असते: दोनशे रुपये. कुठे तर पंचाहत्तरच. मग पालकांच्या खुर्च्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. एवढ्या मोठ्या घराण्याची देणगी आणि मुलीच्या हातात दोनशे रुपये? मधले पैसे कुणी खाल्ले?

प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक वेळा पैसे कुणीच खाल्लेले नसतात. दिलेली रक्कम जिथल्या तिथे असते, आणि खरी अडचण तीच आहे.

१. मुद्दल जागचं हलत नाही

विद्यापीठाला दिलेल्या देणगीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक खर्चून टाकायची देणगी: यंदाच्या वीस मुलांची फी भरा, वाचनालयाला पुस्तकं घ्या, विषय संपला. दुसरी कायम ठेवायची. यात मुद्दलाला हात लावायचा नाही, ते कुठेतरी सुरक्षित गुंतवायचं आणि दरवर्षीच्या व्याजातून विद्यार्थ्यांना द्यायचं. याला आपण कायम निधी म्हणू. जुनी नामांकित पारितोषिकं आणि शिष्यवृत्त्या जवळजवळ सगळ्या या दुसऱ्या प्रकारातल्या.

एकोणिसाव्या शतकात ‘सुरक्षित’ म्हणजे सरकारी रोखे. त्यांना प्रॉमिसरी नोटा म्हणत. सरकार बुडणार नाही, व्याज ठरल्या तारखेला येणार, विश्वस्तांना रात्री शांत झोप. १८९० साली तर धर्मादाय निधींसाठी कायदाच झाला आणि असे रोखे सांभाळायला खजिनदार नेमण्याची सोय झाली.

समजा कुणी त्या काळात पाच हजार रुपये दिले. चार टक्क्यांच्या रोख्यांतून वर्षाला दोनशे रुपये सुटले. हे दोनशे म्हणजे काय? फर्ग्युसन महाविद्यालयाच्या आजीव सदस्य प्राध्यापकांना, म्हणजे गोखले आणि कर्व्यांसारख्यांना, महिन्याला पंचाहत्तर रुपये मिळत. म्हणजे दोनशे रुपयांचं पारितोषिक हा प्राध्यापकाचा अडीच महिन्यांहून जास्त पगार होता. गरीब घरच्या मुलाचं त्यात बरंच काही भागत असणार.

पुढे १८९४ साली सरकारने चार टक्क्यांचे रोखे साडेतीन टक्क्यांवर आणले. पाच हजारांवर दोनशेऐवजी एकशे पंचाहत्तर मिळू लागले. देणगीदार वारलेला, विद्यापीठाची काही चूक नाही, आणि तरी शिष्यवृत्ती आठवा हिस्सा आकसली. ही पहिली कात्री. दुसरी हळू चालते, पण कितीतरी खोल कापते.

२. विरजणाचं गणित

ती दुसरी कात्री म्हणजे महागाई. हे एकदा कागदावर मांडून पाहिलं की बाकीचं प्रकरण सोपं जातं.

आज कुणी दहा लाख रुपये दिले. सात टक्के व्याज धरू आणि महागाई वर्षाला पाच टक्के. वर्षाअखेर हाती सत्तर हजार येतात. आता दोन वाटा आहेत. पहिली: सगळे सत्तर हजार वाटून टाका. दुसरी: मुद्दलाची किंमत टिकावी म्हणून पाच टक्के, म्हणजे पन्नास हजार, मुद्दलात परत घाला आणि फक्त वीस हजार वाटा.

दह्याचं भांडं रिकामं करताना घरातलं माणूस उद्यासाठी विरजण बाजूला काढतं, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे प्रमाण उलटं आहे: चमचाभर खायचं आणि वाटीभर ठेवायचं. म्हणून दात्यांना दुसरी वाट कंजूषपणाची वाटते. दहा लाख देऊन वीस हजारांची शिष्यवृत्ती? नातेवाईक काय म्हणतील?

पण वीस वर्षांनी काय होतं ते बघा. पाच टक्के महागाईने वीस वर्षांत वस्तूंच्या किमती साधारण २.६५ पट होतात. पहिल्या वाटेने मुद्दल दहा लाखच राहिलं आणि शिष्यवृत्ती सत्तर हजारच; पण त्या सत्तर हजारांत आजच्या हिशेबाने सव्वीस हजारांच्या आसपास माल येतो. दुसऱ्या वाटेने मुद्दल साडेसव्वीस लाख झालं आणि शिष्यवृत्ती त्रेपन्न हजार, म्हणजे आजचे वीस हजार जसेच्या तसे. पंचविसाव्या वर्षानंतर केव्हातरी दुसरी पहिलीच्या पुढे जाते आणि मग पुढेच राहते. शंभर वर्षं गेली की पहिल्या वाटेचं जे उरतं, तेच पुस्तिकेतलं दोनशे रुपयांचं पारितोषिक.

इथे दुसऱ्या वाटेचं कौतुक करून थांबणं सोपं आहे. पण पहिल्या वाटेने त्या पंचवीस वर्षांत ज्या मुली शिकल्या, त्यांना खरोखर जास्त मिळालं. त्यातल्या एखादीची फी भरली गेली नसती तर ती डॉक्टर झाली नसती. आजच्या मुलीचं काढून पन्नास वर्षांनंतरच्या मुलीसाठी ठेवणं दरवेळी न्याय्यच असतं, असं मला वाटत नाही. ठरवून केलेलं असेल तर दोन्ही ठीक. वाईट वाटतं ते इतकंच की जुन्या देणगीपत्रांत हा प्रश्न बहुधा कुणी विचारलेलाच नसतो.

३. प्रेमचंद रायचंदांच्या दोन देणग्या

देणगी ज्या रूपात द्यावी तसं तिचं पुढचं आयुष्य घडतं. एकाच माणसाच्या दोन देणग्या शेजारीशेजारी ठेवल्या की हे नीट दिसतं.

प्रेमचंद रायचंद हे मुंबईतले कापसाचे आणि शेअरचे बडे व्यापारी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुराच्या काळात, १८६४ साली, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचं होतं. मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं, नाव देण्यात आलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, मुंबईतल्या कंपन्या पटापट बुडाल्या आणि खुद्द प्रेमचंदही त्यातून वाचले नाहीत. मनोरा मात्र १८६९ ते १८७८ या काळात उभा राहिला. खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला.

यातून एक कायदेशीर गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. देऊन झालेलं दान पुढे दात्यावर वाईट दिवस आले म्हणून परत मागता येत नाही. ‘देईन’ म्हणणं आणि ‘दिलं’ यांत सगळा फरक. म्हणून अनुभवी कुलसचिव मोठ्या आश्वासनाने हुरळून जात नाहीत. धनादेश वटला का, एवढंच विचारतात.

दुसरी देणगी १८६६ सालची, कलकत्ता विद्यापीठाला. रक्कम पुन्हा दोन लाख. पण इथे दगडविटा नव्हत्या. त्यातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली: सुरुवातीला वर्षाला दोन हजार रुपये, सलग पाच वर्षं. दरवर्षी एक नवा मानकरी निवडायचा, म्हणजे कोणत्याही वर्षी पाच जण एकाच वेळी शिष्यवृत्ती घेत असणार आणि खर्च दहा हजार. दोन लाखांवर पाच टक्के म्हणजे बरोबर दहा हजार. कुणीतरी पाटी-पेन्सिल घेऊन नीट हिशेब मांडलेला दिसतो.

या शिष्यवृत्तीची ताकद पाच वर्षांत आहे. पदवी घेतलेल्या तरुणाला पाच वर्षं पोटाची चिंता नाही. वाचा, लिहा, संशोधन करा. १८८६ साली ती आशुतोष मुखर्जींना मिळाली, ज्यांनी पुढे कलकत्ता विद्यापीठाचा चेहराच बदलला. १८९७ साली मिळाली जदुनाथ सरकारांना. औरंगजेबाच्या काळातल्या हिंदुस्थानावरचं त्यांचं पहिलं महत्त्वाचं पुस्तक १९०१ मध्ये आलं, ते याच शिष्यवृत्तीचं फळ. तिथून ते शिवाजी महाराजांपर्यंत आणि मराठ्यांच्या इतिहासापर्यंत पोचले. त्यांच्या निष्कर्षांवर महाराष्ट्रात भांडणं झाली, अजून होतात. पण मुंबईच्या कापसातला पैसा कलकत्त्यामार्गे मराठ्यांच्या इतिहासात आला, हा प्रवास मला राजाबाई टॉवरइतकाच उंच वाटतो.

म्हणजे इमारत वाईट आणि शिष्यवृत्ती चांगली, असं नव्हे. राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयात बसून किती पिढ्या शिकल्या! महागाई इमारतीला खात नाही, कारण खोलीची खोलीच राहते. पण तिला डागडुजी लागते, आणि डागडुजीसाठी वेगळा पैसा ठेवायचं फार थोड्या दात्यांना सुचतं.

४. परत येणारा पैसा

व्याजावर चालणाऱ्या निधीपेक्षा अगदी वेगळी कल्पना जमशेटजी टाटांनी १८९२ साली अमलात आणली. परदेशी उच्च शिक्षणासाठी निवडलेल्या विद्यार्थ्याला पैसा द्यायचा, पण कर्ज म्हणून. शिकून कमावता झाला की त्याने फेडायचं. फेडलेला पैसा पुढच्याला.

हिशेब सोपा आहे. दहा लाख मुद्दल सात टक्क्यांनी गुंतवलं तर वर्षाला सत्तर हजार मिळतात. परदेशातल्या शिक्षणाला ते कुठेच पुरत नाहीत. तेच दहा लाख एकाला उसने दिले, ते सहा-सात वर्षांत परत आले, की दुसऱ्याला देता येतात. पन्नास वर्षांत सात-आठ जणांचं पूर्ण शिक्षण होतं. जोखीम अर्थातच मोठी: एकाने बुडवलं की मुद्दलालाच भोक पडतं. म्हणून अशा निधीत निवड फार कसून होते.

या निधीच्या अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांत दोन स्त्रिया होत्या, डॉ. फ्रेनी कामा आणि डॉ. कृष्णाबाई केळवकर, दोघी वैद्यकातल्या. काळ बघता ही निवडच धाडसाची. पुढे के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर हेही टाटांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी गेले.

पैशाऐवजी सेवेच्या रूपात परतफेड मागण्याचीही पद्धत होती. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली: महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार. १९१७ साली ते कराराप्रमाणे बडोद्याला गेले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. करार पुरा होणं शक्यच नव्हतं. शिष्यवृत्तीने न्यूयॉर्कपर्यंत पोचवलं. बडोद्यातली खोली मिळवून देणं तिच्या हातात नव्हतं. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा मदत जमवावी लागली, त्यात शाहू महाराजांचीही होती.

५. मृत्युपत्राने दिलेलं

आतापर्यंतचं जिवंतपणी दिलेलं दान. मृत्युपत्राने दिलेलं वेगळं असतं, कारण ते लागू होतं तेव्हा विचारायला दाता नसतो.

आपल्याकडे मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, पण किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. शिवाय माणूस जे त्याचं स्वतःचं आहे तेवढंच देऊ शकतो. वडिलोपार्जित वाड्यातला भावाचा वाटा विद्यापीठाला देता येत नाही. गोव्यात नियम आणखी कडक. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्यानुसार मुलं असलेल्या माणसाला अर्धीच मालमत्ता मर्जीने देता येते, अर्धी वारसांची ठरलेली. आणि ख्रिस्ती माणसाला तर जवळचे नातेवाईक असतील तर धर्मादाय दान मृत्यूच्या निदान वर्षभर आधी केलेल्या मृत्युपत्रानेच करता येत असे. मरणशय्येवर कुणी दडपण आणू नये हा हेतू. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं.

मृत्युपत्रात रक्कम लिहिण्याच्या दोन तऱ्हा. ‘विद्यापीठाला पाच लाख द्यावेत’ ही एक. ‘मुलांचे वाटे देऊन जे उरेल ते सगळं विद्यापीठाला’ ही दुसरी. पहिलीत आकडा गोठतो. माणूस आणखी तीस वर्षं जगला तर पाच लाख तेव्हा किती किरकोळ असतील, ते दुसऱ्या विभागातल्या गणिताने काढता येईल. दुसरीत आकडा मालमत्तेबरोबर वाढतो, पण आजारपणात सगळं खर्च झालं तर शून्यही होतो. मधली वाट म्हणजे हिस्सा लिहिणं: एकूण मालमत्तेचा दहावा भाग.

दात्यामागे काम पुरं करणारी माणसं लागतात, हे मात्र कुठल्याच कलमात बसत नाही. जमशेटजींनी विज्ञानाच्या संस्थेसाठी आपल्या मालमत्तेतला मोठा भाग देऊ केला आणि १९०४ साली ते वारले, तेव्हा संस्था कागदावरच होती. दोराबजी आणि रतनजी या मुलांनी शब्द पाळला, म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, आणि १९०९ साली बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. मुलं वेगळी निघाली असती तर हा परिच्छेद लिहायची गरजच पडली नसती.

६. अटींचं वय

दाते अटी घालतात. अमुक ज्ञातीचा विद्यार्थी, तमुक तालुक्यातला, संस्कृतात पहिला. काही अटी सुरेख टिकतात. जगन्नाथ शंकरशेठ संस्कृत शिष्यवृत्ती घ्या. १९१२ साली ती सी. डी. देशमुखांना मिळाली, आणि आजही दहावीच्या निकालात संस्कृतच्या हुशार मुलांची नजर तिच्याकडे असते. तिची रक्कम किती हे फारसं कुणी विचारत नाही. ‘शंकरशेठ मिळाली’ हेच वजनदार. म्हणजे छोट्या पारितोषिकालाही, सलग आणि चोख दिलं गेलं तर, मानाचं भांडवल चढतं. पुस्तिकेतल्या दोनशे रुपयांची अगदीच थट्टा करू नये ती याचसाठी.

काही अटी मात्र गळ्याशी येतात. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडचं. सेसिल ऱ्होड्स हा दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांवर गबर झालेला साम्राज्यवादी १९०२ साली वारला. मृत्युपत्राने त्याने ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीनशे पौंडांच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या. नुसता पुस्तकी किडा नको, मैदानी खेळ हवेत, नेतृत्व हवं. आणि फक्त पुरुष. काही जागा जर्मन विद्यार्थ्यांसाठी होत्या; पहिलं महायुद्ध पेटल्यावर १९१६ मध्ये त्या रद्द कराव्या लागल्या आणि १९३० साली पुन्हा सुरू झाल्या. स्त्रियांना दार उघडायला १९७७ उजाडलं, तेही ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाल्यावर. माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड साठच्या दशकात याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला होते. त्यांच्याइतकी हुशार मुलगी तेव्हा अर्जही करू शकत नव्हती. मृत माणसाची इच्छा बदलायला न्यायाधीश, मंत्री, संसद यांची रदबदली लागते ती अशी.

आपल्याकडे विश्वस्त संस्थांच्या बाबतीत महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात याची सोय आहे. मूळ हेतू अशक्य झाला, समजा ज्या शाळेसाठी निधी होता ती शाळाच बंद पडली, तर धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयाकडे जाता येतं आणि न्यायालय मूळ हेतूच्या जवळात जवळचा हेतू ठरवून देतं. सोय चांगली आहे, पण वेळ लागतो, वकील लागतो, आणि तोवर पैसा पडून असतो. देणगीपत्रात एकच ओळ वाढवली की हे टळतं: योग्य विद्यार्थी न मिळाल्यास रक्कम त्याच विद्याशाखेतील कोणत्याही गरजू विद्यार्थ्यास द्यावी.

अट ऐसपैस असेल तर देणगी किती लांब जाते, यासाठी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाकडे पाहावं. ते १९१६ साली सुरू झालं, फारशा पैशाविना. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या, नावाने पंधरा लाख दिले. साडेतीन टक्क्यांनी त्याचे वर्षाला साडेबावन्न हजार. त्यांनी मागितलं मुख्यतः आईचं नाव, एखाद्या विषयाचं पारितोषिक नव्हे. एस. एन. डी. टी. या चार अक्षरांखाली मग कितीतरी मुली शिकल्या, कधी शिक्षण, कधी गृहविज्ञान, कधी परिचर्या.

७. फी भागली, जेवणाचं काय?

दात्यांना पदक आवडतं, शिष्यवृत्ती आवडते. खाणावळीचं बिल कुणाला फारसं आवडत नाही. गावाकडून आलेला मुलगा मात्र शिक्षण सोडतो ते बहुधा फीसाठी नव्हे, राहण्याजेवणासाठी. जुन्या पुण्यात याला उत्तर होतं माधुकरीचं आणि वार लावून जेवण्याचं: सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी लेल्यांकडे. रोख पैसा न लागता शहराने विद्यार्थी पोसले. पण कुणाला ओसरीवर बसवायचं हे जात ठरवी, त्यामुळे ती मदत मोजक्यांनाच.

शाहू महाराजांनी नेमकी ही अडचण पकडली. कोल्हापुरात १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान आणि पुढे इतर अनेक समाजांसाठी वसतिगृहं काढवली. भाऊराव पाटलांनी वसतिगृहात सगळ्या जातींना एका पंगतीत बसवलं आणि ‘कमवा आणि शिका’ची जोड दिली. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, ग्रामीण भागातून आलेल्या मुलामुलींच्या निवासाची आणि जेवणाची सोय करण्यासाठी.

आता एक व्यवहारी प्रश्न, जो बऱ्याच घरांत विचारला जातो. आजीच्या नावाने काही करायचं आहे, हाताशी दोन लाख आहेत, काय करावं? कायम निधी केला तर सात टक्क्यांनी वर्षाला चौदा हजार, आणि महागाईची भर मुद्दलात घातली तर वाटायला फक्त चार हजार. एवढ्यासाठी वेगळं नाव, वेगळी नोंदवही, वेगळी निवड समिती, दरवर्षीचा पत्रव्यवहार. विद्यापीठाचा कारकून मनातल्या मनात हात जोडेल. आधीच चालू असलेल्या एखाद्या मोठ्या निधीत ही रक्कम घाला, किंवा एखाद्या वसतिगृहाला वर्षाला पन्नास हजारांप्रमाणे चार वर्षं द्या, म्हणजे एका मुलीचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुरं होईपर्यंत तिच्या निवासाचा आणि डब्याचा मोठा भार उचलला जाईल. पाचव्या वर्षी निधी शिल्लक नसेल, आजीचं नाव कुठल्याही पुस्तिकेत छापलेलं नसेल, आणि माझं मत विचाराल तर मी तरीही हेच करीन.